स्नेहसंमेलनात मुलांचा स्वतःचा आवाज ऐकू यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की गावोगावच्या प्राथमिक शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी तिचा साचा ठरलेला असतो: चित्रपटातील आठ-दहा गाणी निवडायची, ड्रेपरीवाल्याकडून पोशाख आणायचे, मुलांकडून हातवारे घोटून घ्यायचे आणि स्पीकरवर मूळ गाणे लावून द्यायचे. पहिली ते चौथीची मुले महिनाभर तालीम करतात आणि रंगमंचावर त्यांच्या तोंडून एक शब्दही निघत नाही, ही खंत शिक्षिका म्हणून मला वर्षानुवर्षे छळत होती. गेल्या वर्षी आम्ही वेगळा प्रयत्न केला, त्याविषयी हे पत्र.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पट ४१. आम्ही मुलांनीच गायचा आणि बोलायचा, पाऊण तासाचा विनोदी गाण्यांचा कार्यक्रम बसवला. सलग नाटक या वयाला पेलत नाही. मोठ्या भूमिका तीन-चार चुणचुणीत मुलांकडे जातात आणि उरलेली झाडे व ढग होऊन उभी राहतात. गण, गवळण, बतावणी अशी तमाशाची सुट्या भागांची बांधणी, किंवा वासुदेव, जोशी, गारुडी अशी एकेक सोंगे येऊन आपले म्हणणे गाऊन जातात ती संत एकनाथांची १६व्या शतकातील भारुडे, ही चौकट मात्र लहान मुलांना अगदी मापाची आहे. एकेक प्रवेश तीन-चार मिनिटांचा असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक वाक्य आणि एक गाणे आले.

विनोद आम्ही मुलांकडूनच घेतला. शाळेत कशाचे हसू येते, असे विचारल्यावर खिचडीच्या रांगेपासून हरवलेल्या चपलेपर्यंत फळा भरून विषय निघाले. सर्वांत रंगले ते भोंडल्याच्या गाण्यावरून बांधलेले गाणे. कारल्याची बी पेर, वेल वाढू दे, मग माहेरी जा, असे सांगत सुनेला अडवणारी सासू आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची आहे. मुलांनी तिच्या जागी बाई आणल्या. पाणी प्यायला सोडा म्हणणाऱ्या मुलाला बाई आधी दोनाचा पाढा म्हणायला लावतात, मग सातचा, मग एकोणीसचा, आणि एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत शाळाच सुटते. बाईंची भूमिका दुसरीतल्या एका मुलीने आईच्या दुपदरी घडी घातलेल्या साडीत केली आणि माझी चष्मा कपाळावर सरकवण्याची सवय इतकी हुबेहूब उचलली, की पुढे बसलेल्या आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला.

गाण्याबाबत एक अनुभव शिक्षकांसाठी मुद्दाम नोंदवते. आरंभी मी माझ्या सोयीच्या पट्टीत पेटी धरली आणि मुले गाण्याऐवजी ओरडू लागली. दोन दिवस पट्टी बदलून पाहिल्यावर त्यांना मोकळेपणाने गाता येईल अशी जागा सापडली आणि त्याच मुलांचे सूर जुळले.

प्रत्यक्ष कार्यक्रमात चुका झाल्याच. चौथीतला एक मुलगा भर गाण्यात ओळ विसरला. तो पळाला नाही. "थांबा, मला येतंय," असे प्रेक्षकांना सांगून त्याने डोळे मिटले, ढोलकीवाल्याने ठेका चालू ठेवला आणि ओळ आठवताच मंडपभर टाळ्या झाल्या. रेकॉर्ड लावलेल्या नाचात असे थांबण्याची सोय नसते.

मात्र विनोद म्हणून काहीही चालवून घेऊ नये. एका शाळेच्या संमेलनात अंगाने स्थूल असलेल्या मुलाला स्टेजवर आणून त्याच्याच शरीरावर विनोद केलेले मी पाहिले आहेत. मोठी माणसे हसत होती आणि त्या मुलाची मान वर होत नव्हती. कोणाचा रंग, बांधा, तोतरेपणा किंवा घरची बोली यांवर हसायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी घातला. त्यावाचून आमचे काहीही अडले नाही.

या विषयात आपला इतिहासही आठवावा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे, तरी भाषणे पात्रे स्वतःच्या मनाने करीत. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणेही पात्रांच्या तोंडी दिले आणि मराठी संगीत नाटक बहरले. ज्या भाषेच्या रंगभूमीने हा पल्ला गाठला, तिच्या शाळांत आज मुलांकडे ना गाणे आहे ना भाषण, हे मला फार लागते.

चित्रपटगीतांवर बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. मुलांना नाच आवडतो, तो असावा. परंतु मुख्याध्यापकांनी, केंद्रप्रमुखांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी कार्यक्रमातील निदान अर्धा तास मुलांच्या स्वतःच्या गाण्या-बोलण्यासाठी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती. पोशाख घरचेच असल्याने पालकांवर भाड्याचा भार पडत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रोजचा शेवटचा तास तालमीला पुरतो. मंडपवाल्याला तेवढे मुलांच्या उंचीचे दोन माईक लावायला आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे ते राहून गेले आणि पहिलीच्या मुलांना बाकावर उभे राहून गावे लागले.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा