केवळ विडाल चाचणीवर टायफॉइडचे निदान नको

पावसाळ्यात ताप चार-पाच दिवस हटला नाही की मुंबईत अनेक ठिकाणी विडाल चाचणीच्या एकाच अहवालावर टायफॉइडचे निदान होते आणि लगेच प्रतिजैविके सुरू केली जातात, ही पद्धत चिंताजनक आहे. १८९६ पासून वापरात असलेली ही चाचणी रक्तातील प्रतिपिंडे (संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, अँटिबॉडीज) शोधते. पूर्वीच्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच तापातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी केलेले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून केलेली तपासणी, अधिक विश्वासार्ह असते आणि कोणते औषध लागू पडेल हेही त्यातूनच कळते. एकेकाळी हमखास गुण देणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला टायफॉइडचे जिवाणू आता आपल्याकडे बहुधा दाद देत नाहीत, त्यामुळे ही माहिती मोलाची आहे. कल्चरचा खर्च आणि अहवालासाठीची प्रतीक्षा हातावर पोट असलेल्यांना परवडत नाही, हे खरेच. म्हणून पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात नमुना घेऊन तो मोफत तपासण्याची सोय हवी. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी टायफॉइड कॉन्जुगेट लसीची मोहीम सुरू केली होती. सहा महिन्यांवरील बाळांनाही चालणारी ही लस मुंबईतही मोफत मिळावी, मात्र तेवढ्यावर समाधान मानून गटारांलगतच्या गळक्या जलवाहिन्या बदलण्याचे काम लांबवू नये.

– एक वाचक, परळ, मुंबई