गिबाची गोष्ट अर्धीच सांगितली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकातील गिबा गावच्या युद्धावरचा लेख वाचला. गिबातल्या गुंडांनी एका स्त्रीवर केलेल्या अत्याचाराचा जाब विचारायला इस्राएलाचे वंश एक झाले आणि गुन्हेगारांना पाठीशी घालणाऱ्या, त्यांच्यातल्याच बन्यामिनी वंशाच्या लोकांना त्यांनी धडा शिकवला, असा लेखाचा सूर होता. बन्यामिनी दोषी होते, यात वाद नाही. गावगुंडांना हवाली करा, हा निरोप त्यांनी धुडकावलाच. पण लेख विसाव्या अध्यायाशी थांबला. एकविसावा वाचला असता, तर ‘न्याय झाला’ असे लिहायला लेखकाचा हात धजावला नसता.

लढाई संपली तेव्हा बन्यामिनाचे जेमतेम ६०० पुरुष रिम्मोनच्या खडकावर जीव मुठीत धरून बसले होते. त्यांची गावे जाळून झाली होती. मग विजेत्यांनाच रडू फुटले, एक वंश बुडाला म्हणून! आपल्या मुली बन्यामिन्यांना देणार नाही, अशी शपथ तर आधीच घेतलेली. तोड काय काढली? युद्धाआधी मिस्पा येथे भरलेल्या सभेला याबेश-गिलाद गावचे कोणी आले नव्हते, म्हणून तिथे १२,००० लढवय्ये धाडून गाव कापून काढले आणि ४०० कुमारिका तेवढ्या जिवंत आणल्या. तरी २०० कमी पडल्या. तेव्हा शिलोच्या सणाला मुली नाचायला येतील, द्राक्षमळ्यात दबा धरून त्यांना पळवा, हा सल्ला खुद्द वडीलधाऱ्यांनी दिला. बाप-भाऊ तक्रार घेऊन आले तर काय सांगायचे, तेही ठरले होते: तुम्ही स्वतः मुली दिल्या नाहीत, तेव्हा शपथभंगाचा दोष तुमच्यावर नाही. (अशी पळवाट शोधणारे डोके कुठल्याही काळात कमी पडत नाही.) एका स्त्रीच्या नावाने पेटलेल्या या युद्धात शेवटी ६०० मुलींना कोणी विचारलेही नाही.

खरी गोम मिस्पाच्या सभेत आहे. तिथे त्या स्त्रीचा नवरा, लेवी वंशातला एक माणूस, सांगतो की, गिबाचे लोक मला मारायला उठले होते आणि माझ्या उपपत्नीची त्यांनी अशी विटंबना केली की ती मेली. पण गिबातल्या मुक्कामी जमाव दाराशी आला तेव्हा तिला धरून बाहेर कोणी काढले, हे तो गाळतो. सकाळी ती उंबऱ्यावर हात टेकून पडली होती, तेव्हा हा गृहस्थ ‘ऊठ, आपण जाऊ’ एवढेच म्हणाला होता. सभेत चार लाख तलवारबहाद्दर, पण एकानेही उलटतपासणी केली नाही. देवालाही पहिला प्रश्न टाकला तो ‘आमच्यापैकी आधी कोणी चढाई करावी?’ असा. चढाई करावी का, हा नव्हे. पहिल्या दिवशी २२,००० आणि दुसऱ्या दिवशी १८,००० माणसे पडल्यावर कुठे ‘जाऊ की थांबू?’ असे विचारायचे सुचले. तेव्हा देवाच्या कराराच्या कोशापुढे, म्हणजे पवित्र पेटीपुढे, उभा होता एलाजाराचा मुलगा, याजक फिनहास.

याच फिनहासाची बायबलमधल्या ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातली कामगिरी लेखात यायला हवी होती. यार्देन नदीपलीकडे राहणाऱ्या रऊबेन, गाद आणि अर्ध्या मनश्शे वंशाने नदीकाठी मोठी वेदी बांधली. हा धर्मद्रोह समजून बाकीचे शिलो येथे युद्धासाठी जमले. पण तलवार उपसण्याआधी फिनहास आणि दहा सरदार भेटीला गेले. बोलले ते खरमरीतच. मात्र त्यात एक वाक्य असेही होते की, तुमचा मुलूख अशुद्ध वाटत असेल तर अलीकडे या, आमच्यात वतन घ्या. स्वतःची जमीन वाटून देण्याची तयारी ठेवून आरोप करणारे किती? समोरच्यांचा खुलासा असा: वेदी होमबलीसाठी नाही. मध्ये नदी आहे, उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की, परमेश्वराशी तुमचा काय संबंध? त्यासाठी ही साक्ष. फिनहासाने ते मानले, शिष्टमंडळ परतले आणि युद्धाची भाषा बंद झाली.

लेखमाला पुढे चालणार असेल, तर एक रविवार या अध्यायाला आणि एक शिलोच्या मुलींना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर