न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, बाबा

भोसरी, पुणे
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा, तुम्ही एकच म्हणता, "गाडी शिकायला पैसे भरतात होय?" म्हणून लिहूनच कळवतो. लांब पल्ल्याच्या ट्रकवर परत जायचं नक्की केलंय, पण मालकाकडे जाऊन थेट किल्ली घ्यायची नाही. आधी शिकणार, मग गाडी.

कागदपत्रांचं आधी उरकतो. माझं ट्रान्सपोर्टचं लायसन्स संपून वर्ष उलटलंय. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते ३ ऐवजी ५ वर्षांसाठी मिळतं, पण मुदत संपून वर्ष गेलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. सोबत डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो, त्यात नजर आणि रंग ओळखणं तपासतात. पेट घेणारा किंवा विषारी माल न्यायचा तर वेगळं ३ दिवसांचं प्रशिक्षण असतं. तसल्या टँकरवर मी जाणार नाही, तेव्हा आई, ते तू डोक्यातून काढून टाक.

२०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आलेत. जड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तास, आणि केंद्राकडे सिम्युलेटर (जागेवरच गाडी चालवण्याचा सराव देणारं यंत्र) आणि स्वतःचा ट्रॅक असायलाच हवा. ३८ तासांत ड्रायव्हर तयार होतो असं मीही म्हणणार नाही. तुम्ही क्लीनर म्हणून किती वर्षं टायर ठोकले आणि ताडपत्र्या बांधल्या, त्यानंतर उस्तादाने स्टेअरिंग दिलं, हे मला ठाऊक आहे. पण उस्तादाने तुम्हाला 'असं कर' शिकवलं, 'का' ते त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही तुमच्याकडे आल्या आणि तुमच्याकडून माझ्याकडे.

न्यूट्रलचंच घ्या. उतार लागला की गिअर काढायचा, डिझेल वाचतं, हे आपल्याकडे जवळजवळ शास्त्र झालंय. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेलचं इंजेक्शन बंद होतं. म्हणजे त्या वेळी डिझेल शून्य. गिअर काढला की इंजिनाला आयडलवर स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल प्यावं लागतं. तुमच्या जुन्या १६१३ ट्रकमध्येही गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त सोडणारा भाग) हेच करायचा. सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी लांबवर घरंगळते, म्हणून वाचल्यासारखं वाटतं. घाटात तो हिशोब लागूच होत नाही. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टेअरिंग दगडासारखं होतं आणि टाकीत उरलेल्या हवेवर ब्रेक किती वेळा लागणार याची मोजदाद सुरू होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशा अपघातांसाठी बदनाम झालाय. तो घाटासारखा दिसत नाही, हीच त्याची खोड.

आता बोर घाट. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी अंदाजे ५०० मीटर खाली येते. १० टायरी गाडीचं एकूण वजन २०१८ पासून २८.५ टनांपर्यंत चालतं. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ६० च्या वेगातून पूर्ण थांबण्याच्या साधारण ३५ पट भरते. टायरचं घर्षण आणि वारा त्यातला थोडासा वाटा उचलतात. बाकी सगळं इंजिनाने तरी घ्यायचं किंवा ब्रेकच्या ड्रमने. ड्रमने घेतलं तर त्याला आतून घासणारे लायनर तापतात आणि त्यांची पकड उतरते, शिवाय ड्रम स्वतः तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. पेडल दाबलं जातं, हवेचा आवाजही येतो, गाडी मात्र थांबत नाही. यालाच आपण 'ब्रेक फेल' म्हणतो. गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी तपासतो तेव्हा थंड ब्रेक व्यवस्थित लागतात आणि ड्रायव्हर खोटा ठरतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरायचं, हे तुम्हीही सांगायचात. त्यात भर एवढीच, की गिअर माथ्यावरच बदलायचा. एकदा भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये ५०-६० ला पोचली की खालचा गिअर आत जाणारच नाही, खटखट करत बसाल. मग एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) चालू, आणि त्या उतारासाठी एक वरचा वेग मनाशी ठरवायचा. समजा ३५. काटा ३५ वर आला की ब्रेक ठामपणे दाबून २५ पर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पुन्हा ३५, पुन्हा तसंच. तुमची पद्धत म्हणजे घाटभर पेडलवर हलका पाय. त्याचं काय होतं, तर सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. ज्याची सेटिंग जवळची, तो एकटा जळतो. ठाम दाबलं की सगळे कामाला लागतात. उलट सतत टकटक पंप करायचाही नाही, कारण प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. हवेच्या दाबाचा गेज ८ बारच्या आसपास पाहिजे, ५ च्या जवळ आला की बझर वाजतो. त्याच्याही खाली गेलं तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपणहून लागायला लागतात, आणि तेही जिथे ते लागायला नकोत अशा वळणावर.

खाली उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मारतात तेही बंद. ड्रम बिडाचा, त्याला तडे जातात. चाकाखाली ठोकळे लावायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चहा प्यायचा. दगड लावले असतील तर निघताना उचलायचे. (ह्यावर तुमचं-माझं एकमत आहे, फक्त तुमचे क्लीनर विसरायचे.)

टायरचं थोडक्यात. हवा गाडी थंड असतानाच मोजायची. उन्हात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढली, तर थंड झाल्यावर तो कमी हवेवर चालतो, कडा जास्त दुमडतात, जास्त तापतो आणि फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून केलेल्या उपायानेच फुटतो. मागच्या जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा एकटा दोघांचं वजन ओढत असतो. टॉमीने (लोखंडी सळईने) ठोकून आवाज ऐकण्याची तुमची विद्या साफ बसलेला टायर सांगते, १५-२० पीएसआयची कमतरता सांगत नाही. त्याला गेजच लागतो. आणि चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे.

तुम्ही सोडलीत ती गाडी आणि आताची गाडी यात सगळ्यात मोठा फरक इंजिनात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. धूर नाही, पण धुराड्याआधी एक अख्खा कारखाना बसवलाय. त्यात ॲडब्लू लागतं, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर. ते संपलं की गाडी बंद पडत नाही, पण कॉम्प्युटर तिची ताकद कापतो आणि भरलेली गाडी चढावर मुंगीसारखी सरकते. स्वस्तात म्हणून कोणी शेतातला युरिया पाण्यात कालवून भरतो. आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. तो नोझल चोंदवतो आणि कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा भाग) मारतो. ५०० रुपये वाचवायला जाऊन लाखाचं काम निघतं. चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवायचीच नाही, टाकी उपसून घ्यायची.

दुसरी गोष्ट काजळीची जाळी, डीपीएफ. ती भरली की दिवा लागतो आणि गाडी उभी करून ती जाळून साफ करावी लागते. त्या वेळी सायलेन्सरमधून येणारी हवा ६०० अंशांच्या घरात तापलेली असते, म्हणून वाळल्या गवतावर, उसाच्या पाचटाजवळ किंवा पंपावर हे करायचं नाही. दिवा चार दिवस दुर्लक्षित केला तर जाळीच बदलावी लागते.

तिसरी गोष्ट, बाबा, तुमच्यासाठी खास. डिझेल संपून हवा धरली की तुम्ही पान्याने इंजेक्टरचा पाइप ढिला करून, बोट लावून बघायचात. आताच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) त्या पाइपात १,६०० बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनावर नट ढिला केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट कापायची वेळ येऊ शकते. गावात कोणी ट्रॅक्टर किंवा जीपला हे करताना दिसलं तर तुम्हीच थांबवा. नव्या ट्रॅक्टरांतही कॉमन रेल आलंय.

माल बांधण्याचा धडा मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो, कारण आपल्याकडे ते काम हमालांवर सोडतात. हिशोब असा, की पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के धक्का सोसेल एवढी पकड हवी. जोरात ब्रेक लागला तर मालाला गाडीइतक्या लवकर थांबायचं नसतं. १० टनांच्या लोखंडी कॉइलला ८ टनांचा रेटा पुढे केबिनकडे. दोरखंड तिथे शोभेला. साखळ्या, टेन्शनर, खाली पाचर आणि पुढच्या फळीला टेकवून रचलेला माल. ताडपत्री माल झाकते, धरून ठेवत नाही.

आणि मधली वर्षं मी छोट्या गाडीवर काढली, त्याचा तोटा आधी कबूल करतो. स्टेअरिंग हाताला आठवतं, अंतराचा अंदाज मात्र छोट्या गाडीचाच राहतो. ८० च्या वेगात माणूस दचकून पाय ब्रेकवर नेईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर जातात. हवा ब्रेकच्या चेंबरपर्यंत पोचायला आणखी अर्धा सेकंद, ११ मीटर. मग प्रत्यक्ष ब्रेकचे जवळपास ५० मीटर. कोरड्या रस्त्यावर साधारण ९४ मीटर झाले. ही सवय ट्रॅकवर, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीवर मोडायची. डावीकडे वळताना मागची चाकं आत कापतात आणि केबिनच्या डाव्या कोपऱ्यात मोटरसायकल अख्खी गडप होते, याचाही सराव तिथेच.

आई, आता तुझं. तुला झोपेची काळजी आहे आणि ती बरोबर आहे. पहाटे २ ते ६ या वेळात शरीर झोप मागतंच, दुपारी जेवणानंतरही थोडं. ती इच्छाशक्तीने जात नाही. तंबाखू, मोठ्ठी गाणी, खिडकी उघडी, या सगळ्याने माणसाला आपण जागे आहोत असं वाटतं, एवढंच. डुलकी ४ सेकंदांची लागली तर ६० च्या वेगात गाडी सुमारे ६७ मीटर बिनड्रायव्हरची जाते. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर हे जास्त घडतं, कारण डोळ्यांना काहीच काम नसतं. उपाय एकच चालतो : गाडी सुरक्षित जागी लावून २० मिनिटं झोप. आधी चहा-कॉफी घेऊन झोपलं तर उत्तम, कारण तिचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर लगेच निघायचं नाही, पाच-दहा मिनिटं खाली फिरायचं. घोरणाऱ्या माणसाने श्वास अडकतो का हे तपासून घ्यावं. ते मी करून घेतोय. (बाबांचंही करायला हवं. तू सांग, माझं ऐकणार नाहीत.)

कामाच्या तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिली होती. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पाळतं कोण, तर जवळजवळ कोणी नाही, कारण पगार फेऱ्यांवर असतो. म्हणून मालकाला मी आधीच तीन गोष्टी विचारणार. रात्रीच्या लांब फेरीला दुसरा ड्रायव्हर आहे का. वजनकाट्याची पावती माझ्या हातात मिळेल का, कारण ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. आणि गाडी कधीची, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची) मुदत संपते म्हणून पळवा, असं कोणी म्हणालं तर तेही खोटं. बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस देतं. मुंबई-दिल्लीच्या १,४०० किलोमीटरला ७ दिवस मिळतात. घाई बिलाला नसते, पुढचं भाडं धरायची असते.

गाडी चालू असताना तुमचा फोन उचलणार नाही. थांबलो की मीच करेन. रस्त्यात काही झालं तर राष्ट्रीय महामार्गाला १०३३ आणि कुठेही ११२, हे दोन्ही आकडे दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बाबा, एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझं जुनं लायसन्स आणि शाळा सोडल्याचा दाखला आहे, निळ्या पिशवीत. दोन्हींचे पुढून-मागून फोटो बुधवारपर्यंत पाठवा. माळ्यावर तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला चढवा.

तुमचा,
थोरला