तयार सांगाडे आले, पण चर चुकली

महोदय,

कारखान्यात जोडलेले भाग आणून डेटा सेंटर उभारण्याविषयीचा लेख वाचला. विद्युत पर्यवेक्षक म्हणून अशा दोन कामांवर होतो, म्हणून लिहितो. पूर्वी स्लॅब पक्का होईपर्यंत आम्ही केबलचे ड्रम राखत बसायचो. आता इकडे पाया खणला जात असतानाच तिकडे यूपीएस, स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची यंत्रणा), बॅटऱ्या एकाच पोलादी सांगाड्यावर बसतात आणि भार देऊन तपासल्याही जातात. वेळ वाचतो तो इथेच. कल्पना तशी जुनी. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीने २००६ मध्येच २० फुटी कंटेनरात डेटा सेंटर बसवून दाखवले होते.

कारखान्याचे आणि जागेवरचे नकाशे जुळायला हवेत, हा विषय लेखात मात्र राहून गेला. आमच्याकडे पायातली केबलची चर हातभर बाजूला निघाली. सांगाडा क्रेनला लटकलेला आणि आम्ही खाली टेप घेऊन! भिंत असती तर फोडली असती. पोलादाचे काय करणार? तीन दिवस गेले. शिवाय ट्रकच्या धक्क्यांनी बसबारचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे, बोल्ट सैल होतात. कारखान्याचा चाचणी अहवाल हातात असला तरी ते जागेवर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायच्या पान्याने) पुन्हा तपासल्याशिवाय मी कधी वीज सोडली नाही.

– एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक