काळा तांदूळ आंबवताना

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काळा तांदूळ आंबवून खायचं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. पण आधी एक ठरवा: पोटात जिवंत जिवाणू जायला हवेत, की दाण्यातलं लोह-जस्त अंगी लागायला हवं? एका भांड्यात दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.

आई, तुझं हिमोग्लोबिन कमी आहे, तेव्हा तू कच्चं पीठ आंबव. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह धरून ठेवतं. दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) ते आम्ल तोडतं, आणि किंचित आंबट पिठात ते जास्त जोमाने काम करतं. आधी शिजवलंस तर विकरच संपतं. ५० ग्रॅम तांदूळ एकदाच झटकन धू, १५० मिली पाण्यात सहा तास भिजव आणि त्याच पाण्यात वाट. ते पाणी ओतू नकोस. त्यात उतरलेला जांभळा रंग म्हणजेच अँथोसायनिन. चमचाभर ताजं दही घालून रात्रभर ठेव, सकाळी शिजव. शिजवताना जिवाणू मरतील, पण त्यांनी केलेलं काम वाया जात नाही.

बाबा, तुम्हाला जिवंत जिवाणू हवेत, तर वाटलेलं पीठ अर्धा लिटर पाण्यात आधी शिजवा. ४० अंशांपर्यंत निवलं की लगेच लॅक्टोबॅसिलस प्लांटारम (नवं नाव लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम) या आंबवणाऱ्या जिवाणूची एक कॅप्सूल फोडून मिसळा. कॅप्सूलवर यातलंच एक नाव आहे ना, ते वाचून घ्या. काहींत नुसतं यीस्ट असतं. काचेच्या बरणीत, ३० ते ३५ अंशांत, १०-१२ तास. विरजण न घालता कोमट पेज तासन्‌तास ठेवू नका. शिजूनही टिकलेले बॅसिलस सेरेअस या घातक जिवाणूचे बीजाणू त्यात रुजून वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही.

झालं की नाही, ते रंगच सांगतो: काळपट जांभळ्याचा लालसर झाला, म्हणजे आम्ल तयार झालं. तरी पट्टीने पीएच बघा, ४.५ च्या खाली हवा. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. बुरशी, गुलाबी डाग किंवा सडका वास आला तर सगळंच टाका, वरवर काढून खाऊ नका. आंबटपणा मारायला सोडा अजिबात नको, अँथोसायनिन नासतं. लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडीही नकोत.

अशा तांदळाचा रक्तातल्या साखरेवर, शरीरातल्या दाहावर चांगला परिणाम दिसला तो बहुतेक प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर. म्हणून बाबा, गोळ्या तशाच चालू ठेवा, सुरुवातीला अर्धीच वाटी घ्या आणि खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजून मला कळवा. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कधी सुरू झालं, तर जिवंत जिवाणू घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

तुमची,
मुलगी