रम्प नक्की कुणाचं?

पुणे

प्रिय मन्या,

गोमांसाच्या पाठीकडचा तो स्टेक, पोर्टरहाऊस, त्याला हाड नसतं, हे तुझं म्हणणं बरोबर होतं. घे, लिहून दिलं. फ्रेम करून लाव. पण फक्त तुझ्या मेलबर्नपुरतं हं! अमेरिकेत पोर्टरहाऊस म्हणजे टी-बोनचा, त्या इंग्रजी T सारख्या हाडाच्या स्टेकचा, थोरला भाऊ, हाडासकट. त्यातलं टेंडरलॉइन, म्हणजे कण्याखालचा मऊ स्नायू, सव्वा इंच रुंद भरलं तर पोर्टरहाऊस, निदान अर्धा इंच भरलं तर टी-बोन. तुझ्याकडे बिनहाडाच्या स्ट्रिपलॉइनलाच, म्हणजे हाडाच्या दुसऱ्या अंगाच्या मांसालाच, पोर्टरहाऊस म्हणतात, सरलॉइन म्हणतात, लहर लागली तर न्यूयॉर्कही म्हणतात. दोघांचंही बरोबर होतं आणि आपण चार महिने अबोला धरून बसलो.

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या पोचल्या असं समज. तब्येत ठीक. आईचा गुडघा जैसे थे.

लिहायला बसलो ते रम्पपायी, जनावराच्या मागच्या अंगाच्या मांसापायी. आपल्याकडून शिकून गेलेला एक पोरगा जहाजावर लागलाय. हातात ब्रिटिश कृती, कोल्डरूममध्ये अमेरिकी माल. कृतीत लिहिलेलं, ‘रम्प स्टेक, कडक तवा, दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं.’ रम्प मागितलं, रम्पच मिळालं, आणि तव्यावर चपलेचा तळ तयार झाला. बिचाऱ्यानं माझ्या नोट्स काढून पाहिल्या. त्यात मी लिहिलंय, ‘रम्प : तव्यावर उत्तम’. कुणाचं रम्प, याचा पत्ता नाही. हे तुला सोडून कुणाला सांगू? बाकीचे म्हणतील, मांसाचा तुकडा तो, त्यात एवढं काय!

तुला ठाऊकच आहे, पण मला एकदा हे नीट मांडून बघू दे. खुब्याचं हाड धर खुणेला. त्याच्या पुढचा, बरगड्यांपर्यंतचा पाठीचा भाग म्हणजे ब्रिटिश सरलॉइन. तोच अमेरिकेत शॉर्ट लॉइन. खुब्याच्या हाडाभोवतालचा भाग, ज्यात ग्लूटिअस मीडिअस हा मुख्य स्नायू, तो ब्रिटनमध्ये रम्प आणि अमेरिकेत सरलॉइन. अमेरिकी रम्प त्याच्याही मागे, मांडीच्या वरच्या टोकाला. चालायचं काम मांडीचं, म्हणून तिथं चिवट तंतू जास्त. तीन मिनिटांत ते विरघळत नाहीत, उलट आकसतात. त्याला आधी लालसर परतायचं, मग थोड्या रश्शात झाकण घालून मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवायचं. पोराचा तवा बरोबर, वेळ बरोबर. शब्द तेवढा समुद्रापलीकडचा.

आणि सरलॉइनचं ते पुराण! पहिल्या जेम्स राजानं 1617 मध्ये लँकेशरच्या हॉटन टॉवरमध्ये मेजवानीत खूश होऊन मांसाच्या तुकड्यालाच ‘सर’ केलं म्हणे. आपले सरही रंगवून सांगायचे. सरच ते, त्यांना ही गोष्ट आवडणारच. खरं तर मूळ फ्रेंच शब्द सुरलाँझ. सुर म्हणजे वर, लाँझ म्हणजे कंबर. कमरेच्या वरचा भाग, एवढंच. राजाच्या आधीपासून शब्द इंग्रजीत होता. स्पेलिंगमधल्या ‘सर’नं गोष्ट जन्माला घातली.

बरं, आपला अंडरकट तरी कुठे सरळ आहे? सरलॉइनच्या खालच्या अंगाला असतो म्हणून साहेबाच्या इंग्रजीत अंडरकट. मुंबई-गोव्यात तो शब्द अजून ठणठणीत आहे. तेच ब्रिटनमध्ये फिलेट, अमेरिकेत टेंडरलॉइन, तुझ्याकडे आय फिलेट. तुमचं स्कॉच फिलेट मात्र फिलेट नव्हेच, ते रिबआय! इथे महाराष्ट्रात 2015 पासून बैलांची कत्तलही बंद, म्हणजे अंडरकट म्हशीचा-रेड्याचा. त्याच्या नावावर खांद्याचा चक टेंडर गळ्यात मारतात. आकार तसाच निमुळता. मधोमध आडवा काप दिला की कळतं : चक टेंडरच्या पोटातून चिवट तंतूंची पांढरी रेघ जाते, अंडरकटची चिवट चकचकीत पापुद्री वरच्या अंगाला असते आणि सुरी घालून सोलता येते. पोटातली रेघ कशी सोलणार?

तर नोट्स नव्यानं लिहायला घेतल्यात आणि तिथंच अडकलोय. आधी ठरवलं, नावं काढूनच टाकू, नंबर देऊ. मांसाच्या तुकड्यांच्या ऑस्ट्रेलियन कोडात टेंडरलॉइन 2150, स्ट्रिपलॉइन 2140, रम्प 2090. अमेरिकी यादीत जवळपास तेच 189, 180 आणि 184. कार्टन उघडणाऱ्याला हे ठीक. पण पोरगं दुकानात उभं राहून ‘एक किलो 2090 द्या’ म्हणणार का? म्हणून आता प्रत्येक तुकड्यापुढे आधी जागा, मग स्नायू, मग देशवार नाव. पिकान्यापाशी कागद पुन्हा भरला : ब्राझीलमध्ये पिकान्या, ब्रिटनमध्ये रम्प कॅप, अमेरिकेत कुलोट. ती तर रम्पवरची टोपीच, पण स्नायू वेगळा, मांसाच्या रेषा वेगळ्या दिशेनं. रम्पला जोडून ठेवून सरसकट कापलं, तर एकाच स्टेकमध्ये एक घास मऊ, दुसरा वातड. आधी सोडवायची, मग कापायचं. हे तक्त्यात बसवू की वेगळ्या पानावर? वेगळं पान कोण उलटतंय, हाही प्रश्नच.

तू नवं घर घेतलंस असं कळलं. अभिनंदन. वहिनींना नमस्कार, पिंट्याची दहावी का काय ती नीट होऊ दे. कर्जाचा हप्ता कमी करण्यासाठी पोर्टरहाऊस विकत घेणं बंद कर.

एक काम कर. तुझ्या कोल्डरूममधल्या रम्पच्या कार्टनवरचं लेबल आणि उघडल्यावर कॅप जोडलेली आहे की काढलेली, दोन्हींचे फोटो सोमवारपर्यंत पाठव. मंगळवारी छापायला द्यायचंय.

तुझा,
बाळ्या