गेमिंग हाऊसमधला पलंग कुणाच्या नावावर?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळणाऱ्या टीम एकाच घरात कशा राहतात, कसा सराव करतात यावर मोठा लेख आला होता, तो वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. लेख वाईट नव्हता. फोटो तर मस्तच, रांगेत मॉनिटर, त्या महागड्या खुर्च्या, भिंतीवर टीमचा लोगो. पण त्यात तीन-चार वेळा 'एक कुटुंबच' असं आलंय आणि मी तिथेच अडकलो. कारण मी अशा घरात दीड वर्ष राहिलोय. खेळाडू म्हणून नाही, तेवढा हात माझा कधीच चालला नाही, अ‍ॅनालिस्ट म्हणून, म्हणजे सगळे झोपले की मॅचचं रेकॉर्डिंग मागेपुढे करून कोण कुठे चुकलं ते लिहून काढणारा माणूस. टीमचं नाव सांगत नाही. ती टीम आता राहिली नाही आणि तिथली माणसंही वाईट नव्हती.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर वाटेल हा जुना राग काढतोय.

हे एकत्र राहणं कुणी चैन म्हणून सुरू केलेलं नाही. १९९८ ला स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेम आला, दक्षिण कोरियात काही वर्षांतच त्याच्या मॅचेस टीव्हीवर दिसायला लागल्या, मोठ्या कंपन्यांनी टीम काढल्या, आणि खेळाडूंना एका जागी मुक्कामाला ठेवून सराव करून घ्यायची पद्धत तिथल्या खेळांत आधीपासून होतीच, तीच इकडे आली. गंमत म्हणजे स्टारक्राफ्टची मॅच बहुतेक वेळा एकास एक. तरी घर लागलं, कारण सरावाला समोर तोलामोलाचा माणूस पाहिजे आणि तो रात्री दोनला पण पाहिजे. पुढे लीग ऑफ लेजंड्ससारखे पाच विरुद्ध पाचवाले गेम आले तेव्हा तर प्रश्नच उरला नाही. २०१३ ला अमेरिकेत एलसीएस, म्हणजे लीग ऑफ लेजंड्सची तिथली लीग सुरू झाली, मॅच खेळायला दर आठवड्याला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत जायचं, मग टीमही त्याच भागात राहायला आल्या. आता विचार करा, एकोणीस वर्षांचं पोरगं, दुसऱ्या देशातून आलेलं, भाषेची बोंब, त्याला भाड्याने घर कोण देणार आणि दिलं तरी हा विजेचं बिल कुठे भरणार. त्यापेक्षा टीमनेच एक मोठं घर घ्यायचं, एक दणकट इंटरनेट लाइन, स्वयंपाकाला कुणीतरी, आणि सगळे एका छताखाली. मालकाला स्वस्त, मॅनेजरला सोपं.

आणि फायदा होतो हो, नाही कशाला म्हणू. मॅच चालू असताना पाच जण हेडसेटवर जे बोलतात त्याला कॉम्स म्हणतात, त्यात पूर्ण वाक्य कुणी बोलत नाही, तेवढा वेळच नसतो. 'मिड गायब', 'याचा फ्लॅश गेला', 'थांब थांब थांब'. यातलं कुणाचं 'थांब' म्हणजे खरंच थांबायचं आणि कुणाचं 'थांब' म्हणजे त्याची नुसती टरकलीय, हे आवाजावरून कळावं लागतं, अर्ध्या सेकंदात. ते लांबून ऑनलाइन बोलून पण जमतं, पण सहा महिने लागतात. एका टेबलावर जेवणाऱ्या पोरांना सहा आठवड्यांत जमलेलं मी बघितलंय. स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमबरोबरची सरावाची मॅच, संपली की लगेच खुर्च्या फिरवून तिथल्या तिथे बोलता येतं, पॅच आला, म्हणजे कंपनीने गेममध्ये बदल केले, आणि मेटा, म्हणजे जिंकायची चालू पद्धत, बदलला की रात्रीतून दहा गोष्टी करून बघता येतात. सगळं कबूल.

पण दिवस कसा जातो ते लेखात नव्हतं. उठायचं अकरा-बाराला. दुपारी एका टीमबरोबर स्क्रिम, मग कोचबरोबर रिव्ह्यू, संध्याकाळी दुसऱ्या टीमबरोबर स्क्रिम, परत रिव्ह्यू, आणि एवढं झाल्यावर रात्री दोन-तीनपर्यंत सोलो क्यू, म्हणजे आपली वैयक्तिक रँक टिकवायला अनोळखी लोकांबरोबर खेळत बसायचं. सोलो क्यू सक्तीची नसते. पण बाजूच्या खुर्चीवरचा बसलाय म्हटल्यावर तुम्ही उठून झोपायला जाऊन दाखवा. २०१८ ला ओव्हरवॉच या शूटिंग गेमच्या लीगचा पहिला सीझन झाला तेव्हा त्यातल्या शांघाय ड्रॅगन्स या टीमचं वेळापत्रक दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ६ दिवस असल्याचं बाहेर आलं, केवढी चर्चा झाली होती. त्या सीझनला ते ४० मॅचेस खेळले आणि ४० च्या ४० हरले. जास्त सराव केला म्हणून हरले असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती. पण सरावाचे तास वाढवत नेले की जिंकता येतं या समजुतीवरच ही सगळी घरं उभी आहेत, तर तेवढं उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

हरल्यावर काय होतं ते सांगतो. ऑफिसात कुणाशी वाजलं तर माणूस संध्याकाळी बाहेर पडतो, गाडीत बसतो, घरी जाऊन बायकोला सांगतो, सकाळपर्यंत निम्मं उतरतं. इथे तोच चेहरा बाथरूमच्या रांगेत. तोच फ्रिजपाशी. ज्याच्यामुळे मॅच गेली असं तुम्हाला वाटतंय तो तुमच्या वरच्या बंकवर घोरतोय. मग भांडण गेमवरून होतच नाही, होतं सिंकमधल्या भांड्यांवरून, कुणाचा चार्जर कुणी नेला यावरून, एसी कितीवर ठेवायचा यावरून, आणि ते भांड्यांचं भांडण दुसऱ्या दिवशी कॉम्समध्ये ऐकू येतं, एक जण बोलायचंच बंद करतो. मी रेकॉर्डिंग ऐकायचो ना, मला आधी कळायचं. आकडे सगळे ठीक असायचे, फक्त एकाचा आवाज कमी व्हायचा.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं.

आमच्याकडे एक सपोर्ट, म्हणजे टीममधल्या बाकीच्यांना सांभाळून घ्यायची जागा, खेळणारा मुलगा होता, अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले असतील. सलग हरत होतो, वरून दबाव होता, रोस्टर, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, बदलायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी त्याला मॅनेजरने बाहेर फिरायला म्हणून नेलं आणि सांगितलं. तो परत येईपर्यंत टीमच्या ग्रुपमधून त्याला काढलेलं होतं, कुणी मुद्दाम नाही, ज्याचं ते काम त्याने ते वेळेत केलं इतकंच. नवा मुलगा बुधवारी यायचा होता आणि घरात पलंग मोजून तेवढेच. म्हणून याने आपली चादर-उशी उचलली आणि हॉलमधल्या सोफ्यावर आला. त्याच हॉलमध्ये, दहा पावलांवर, आम्ही दुसऱ्या सबला, म्हणजे बदली खेळाडूला घेऊन स्क्रिम चालू ठेवली, कारण समोरच्या टीमला वेळ दिलेली होती. तो सोफ्यावर पाठ करून झोपला होता, झोपला नव्हता. दोन रात्री. मग गेला. आणि त्याच्या चुकांची यादी मी केली होती, पाच पानं, त्यावरच निर्णय झाला. यादी बरोबर होती, आज विचारलं तरी तीच करीन. पण ती करताना माझ्या डोक्यात आलंच नाही की या पानांवर पोराची नोकरीच नाही तर डोक्यावरचं छप्परही जाणार आहे.

कुटुंबात मुलगा नापास झाला तर त्याचा पलंग दुसऱ्याला देत नाहीत.

नियम कुणी केलेच नाहीत असंही नाही. ओव्हरवॉच लीगने २०१७ ला, सुरू व्हायच्या आधीच जाहीर केलं होतं की खेळाडूला वर्षाला किमान ५० हजार डॉलर पगार, आरोग्य विमा, निवृत्तीसाठी बचतीची सोय, आणि राहायला घर. त्या काळात हे खूपच पुढचं पाऊल होतं. पण घराचं वाक्य नीट वाचलं तर 'सीझन चालू असताना' असं होतं. पगार वर्षाचा आणि घर सीझनपुरतं.

याच लीगमधली अजून एक गोष्ट. पहिला सीझन सुरू झाला तेव्हा एकाही टीममध्ये मुलगी नव्हती, आणि कोरियाची गेगुरी तर तेव्हा नावाजलेली, इतकी की आधी तिचा नेम बघून लोकांनी चीटिंगचा आरोप केला होता आणि तिने कॅमेऱ्यासमोर खेळून तो खोटा पाडला होता. तिला का नाही घेतलं असं विचारल्यावर जी कारणं निघाली त्यात एक हेही होतं की मुलं-मुली एका घरात राहण्याचा प्रश्न येतो. म्हणजे बघा, घराची सोय खेळासाठी होती की खेळाडू घराच्या सोयीने निवडायचा होता? पुढे २०१८ मध्येच तिला घेतलं, शांघाय ड्रॅगन्सनीच.

तब्येतीचं फार लिहीत नाही, त्यावर बरंच आलंय. चीनचा लीग ऑफ लेजंड्सचा नावाजलेला खेळाडू उझी २०२० मध्ये २३ व्या वर्षी थांबला, हाताचं दुखणं होतं आणि टाइप २ डायबेटिस, पुढे परत खेळला तो भाग वेगळा. क्लाउड९ या अमेरिकन टीमचा हाय नावाचा खेळाडू मनगटापायी २०१५ ला बाजूला झाला. हे फक्त घरामुळे झालं असं म्हणणं चूक आहे, पण ज्या घरात सगळेच पहाटे झोपतात तिथे एकट्याने दहाला झोपणारा वेडा ठरतो.

'मग दुसरा मार्ग काय' असं विचारणारे असतील, तर मार्ग आहे आणि बऱ्याच टीम कधीच त्यावर गेल्यात. टीम लिक्विडने २०१८ ला सांता मोनिकात सरावाची वेगळी जागा उघडली, खेळाडू राहणार आपापल्या अपार्टमेंटमध्ये आणि कामाला यावं तसं येणार. काउंटर-स्ट्राइक या शूटिंग गेममध्ये तर पहिल्यापासून बऱ्याच टीमचे खेळाडू आपापल्या घरी राहतात, मोठी स्पर्धा आली की आठ-दहा दिवस बूटकॅम्प, म्हणजे एकत्र राहून सराव, संपलं की घरी. डेन्मार्कची अ‍ॅस्ट्रालिस घ्या, २०१७ ते २०१९ मध्ये चार मेजर, म्हणजे त्या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकली. त्यांनी मानसशास्त्रज्ञ नेमली, २०१९ ला तर ठरवून कमी स्पर्धा खेळले, लोकांनी शिव्या घातल्या, पण शेवटी जिंकले तेच. आणि २०२० च्या साथीत मोठमोठ्या लीग काही काळ ऑनलाइन झाल्या, खेळाडू घरून नाहीतर टीमच्या जागेतून खेळले, खेळ काही बंद पडला नाही.

कुणीतरी लीग ऑफ लेजंड्सच्या कोरियन खेळाडूचं, फेकरचं नाव काढणार हे माहीतच आहे, माझा भाचाही काढतो. तो २०१३ ला पोरसवदा असताना टीममध्ये आला, त्याच वर्षी जगज्जेता, आणि २०२४ ला पुन्हा जगज्जेता, तेही त्याच टीममध्ये. बरोबर आहे. पण इतकी वर्षं एकाच टीमने सांभाळलेला खेळाडू या धंद्यात हातावर मोजण्याइतका, बाकीच्यांचे करार एक-दोन वर्षांचे असतात आणि मधल्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या काळात, काय होईल ते सांगता येत नाही. नियम फेकरला बघून नका करू, सोफ्यावरच्याला बघून करा.

माझं म्हणणं एवढंच की एकत्र सराव आणि एकत्र झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखात त्या एकच धरल्यात. नवीन टीम असेल, पैसे कमी असतील, तर घर घ्या बापडे. पण करारात लिहा की टीममधून काढलं तरी पुढचे तीस दिवस ती खोली त्याचीच, नवा येणार असेल तर त्याची सोय टीमने बाहेर करावी. सरावाच्या खोलीला कुलूप असावं आणि ते रात्री लागावं. खेळाडू अठराच्या आतला असेल तर घरात जबाबदार मोठं माणूस कोण, ते नावानिशी सांगा, आणि ते कोच नको, कारण कोचच त्याला बसवणार किंवा काढणार असतो. स्ट्रीमसाठी घरात कॅमेरे असतील तर कुठल्या खोलीत नाहीत ते आधी ठरवा. आणि ज्या आई-वडिलांच्या हातात असा करार येईल त्यांनी पगाराचा आकडा बघून झाल्यावर मॅनेजरला एवढंच विचारावं, याला तुम्ही मंगळवारी काढलंत तर मंगळवारी रात्री हा कुठे झोपणार? उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो ते बघा.

कळावे,

आपला एक वाचक

(नाव छापू नये ही विनंती, त्या घरातली बरीच जण अजून याच क्षेत्रात आहेत.)

ता.क. लेखातल्या मोठ्या फोटोत खिडकीचे पडदे गच्च ओढलेले आहेत आणि खाली लिहिलंय 'मध्यरात्रीचा सराव'. मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघा, पावणेदोन वाजलेत, आणि पडद्याच्या कडेने ऊन आत येतंय. आमच्याकडेही तसंच असायचं, स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून.